अंगण सकाळी झाडायचं

मी सध्या ज्या शाळेत ‘मिस’ आहे, तिथल्या अंगणात माती नाही. हिरव्या रंगाचं जाड रबर अंथरलेलं आहे, त्यावर पिवळी घसरगुंडी आणि चारी कोपऱ्यांत कॅमेरे. मुलं पडली तरी लागत नाही. मुळात ती पडतच नाहीत, कारण खेळाची वेळ वीस मिनिटांची आणि त्यातली दहा रांग लावण्यात जातात. मुलं घरी गेली की मावशी त्या रबरावरून ओलं फडकं फिरवतात. फडक्याला काही लागत नाही. रबरावर पाय उमटत नाहीत, हे माझ्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं आणि मग ते रोजच लक्षात यायला लागलं. त्याआधीची तीन वर्षं मी बाईंच्या पाळणाघरात काढली होती, त्याचा हा परिणाम.

बाईंना नाव होतं, पण ते लाइटबिलापुरतं. हर्सूलच्या अंगाला गुंठेवारीतला एक प्लॉट त्यांनी निवृत्तीच्या वेळी घेतला होता. तिथे लोक प्लॉट घेतात, इंच न् इंच बांधून काढतात आणि वरचा मजला भाड्याने देतात. बाईंनी मागच्या भिंतीला चिकटून दोन खोल्या बांधल्या, पुढे दोन पायऱ्यांचा ओटा केला आणि बाकीची सगळी जमीन उघडी ठेवली. कोपऱ्यात एक कडुनिंब आधीपासूनच होता. शेजाऱ्यांना वाटलं, बाईंजवळचं होतं-नव्हतं संपलं. बाई सांगायच्या, “संपलं काय नाय. मला लागतंच एवढं.”

बाई उभा जन्म दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका तुरुंगात बायकांच्या बराकीवर पहाऱ्याला होत्या. आणि निवृत्त होऊन घर घेतलं ते पुन्हा तुरुंगाच्याच शेजारी. मी एकदा विचारलं, “सगळं शहर सोडून इथंच कशाला आलात?” तर म्हणाल्या, “रात्री टोले ऐकल्याबिगर झोप लागत नाय मला.” हे त्यांनी थट्टेने सांगितलं की खरंच, ते कळायला मार्ग नव्हता. बाईंचा चेहरा दोन्ही वेळा सारखाच असायचा.

मी त्यांच्याकडे कामाला गेले तेव्हा बालवाडीचा कोर्स नुकताच संपला होता. प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेलं होतं. ते त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

“गाव कंचं?”

“अजिंठ्याच्या अलीकडं. आमची मेंढरं असतात.”

“ल्हानपणी कुठं कुठं पडलीस?”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण त्या थांबून राहिल्या, म्हणून मी बाही वर करून कोपराची खूण दाखवली. मेंढरांमागे पळताना खडकावर आपटले होते. मग गुडघा दाखवला. बाईंनी चष्मा लावून दोन्ही खुणा तपासल्या आणि म्हणाल्या, “बरी हायेस. उद्यापासून ये.” नोकरी कोपरामुळे मिळालेली माणसं जगात फार नसावीत.

सकाळी मुलं आली की बाई ओट्यावर उभ्या राहत. खांदे मागे, हात पाठीशी, आणि मोठ्याने गिनती. एक, दोन, तीन, थेट सतरापर्यंत. प्रत्येक आकड्याला एका मुलाच्या डोळ्यांत बघायचं. सतरावर थांबून त्या म्हणत, “सुटका!” आणि मुलं ओट्यावरून अशी उधळत की पहिल्या दिवशी मी भिंतीला चिकटले. संध्याकाळी एकेक मूल घरी जाताना हीच गिनती उलटी. शेवटचं मूल फाटकाबाहेर पडलं की बाई हळूच म्हणत, “शून्य.” हे शून्य त्या मुलांसमोर कधी म्हणत नसत.

खोलीला दार नव्हतं. म्हणजे होतं, पण अंगणात होतं. बाईंनी पहिल्याच वर्षी कवाड बिजागऱ्यांतून काढलं, एक टोक विटांवर टेकवून अंगणात तिरकं मांडलं आणि मुलांना चढायला दिलं. थंडीत स्वतः पडदा लावून दोन रजया घेऊन झोपत. शेजारीण म्हणाली, “बाई, चोर येईल की हो.” बाई म्हणाल्या, “येऊ द्या. दार चढंल, घसरंल आन् जाईल घरी.” माझ्याशी मात्र एकदा खरं बोलल्या. “लई दारं लावली मी. आता कडीला हात लावू वाटत नाय.” फाटकाला तेवढी एक कडी होती, बाहेरून आणि उंचावर. ती रस्त्यावरच्या गाड्यांसाठी.

घरात खेळणी नव्हती. माती होती, विटा होत्या, दोन जुनी टायरं, एक दोर, फुटका माठ आणि पाण्याचा पिंप. नळाला पाणी कधी येईल याचा आमच्या शहरात नेम नसतो, त्यामुळे तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं, हात धुतलेलं सगळं पाणी त्या पिंपात जायचं आणि पिंप मुलांच्या चिखलाला. उन्हाळ्यात पाळणाघर सात वाजता उघडायचं आणि ऊन चढेपर्यंत खेळ. मग पडद्यामागच्या अंधारात झोप आणि पाचनंतर पुन्हा सुटका. खेळ कोणता, हे मुलांनी ठरवायचं. मी कोर्समध्ये शिकलेले वर्तुळातले खेळ घ्यायला गेले की बाई मला हाक मारून कांदे सोलायला बसवत. “त्यांना काम हाय. तू कशाला मधी?”

संध्याकाळी आया न्यायला येत तेव्हा बाई मुलांचे कपडे दाखवत. चिखलाने भरलेला सदरा म्हणजे दिवस चांगला गेला. कपडे स्वच्छ असले की बाईंचा चेहरा पडायचा. त्या आईला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणायच्या, “आज कपडे कोरे हायेत. रात्री ताप बघा, काय दुखतंय का इचारा.” सनाची आई रुग्णालयात सफाईचं काम करायची. ती कपाळाला हात लावायची. “अरे बाई, घर में चार दिन से पानी नै आया, इसको धोऊं किससे मैं?” बाई शांतपणे सांगायच्या, “नका धू. सुकलं की झटका.” सनाची आई बडबडत जायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साताच्या ठोक्याला सनाला घेऊन हजर.

बाईंना एकच शब्द वर्ज्य होता. ‘पडशील.’ हा शब्द जो उच्चारील त्याने ते दार चार पायांवर चढून यायचं, मग तो कुणीही असो. मी पहिल्या महिन्यात नऊ वेळा चढले. साडी नेसायची सोडून दिली. आदूचे वडील बँकेत होते. ते एकदा मुलाला सोडताना बोलून गेले, तर बाईंनी त्यांना इस्त्रीच्या पँटीत दार चढायला लावलं. भला माणूस, हसत हसत चढला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी कारण सांगितलं ते त्यांना आणि मला एकदमच. “पोरगं चढतं तवा त्येची नजर पायाकडं असती. तुमी वरडलात की त्ये तुमच्याकडं बघतं. पडतं तवाच. जवळ जाऊन गप हुबं ऱ्हायचं. हात पुढं, तोंड बंद.”

हे मी ऐकलं होतं, हे मला नीट सांगून ठेवायचं आहे.

बाई म्हणजे मायेचा पुतळा वगैरे होत्या असा कुणाचा समज होऊ नये. त्या कुणाला कडेवर घेत नसत. पापे घेत नसत. मूल रडत आलं तर, “रक्त हाय का? नाय? मंग जा,” एवढंच. लग्न झालं होतं की नव्हतं, मला शेवटपर्यंत कळलं नाही. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली एक ट्रंक, एक खाट. रस्त्याने जाणारे ‘जय भीम, बाई’ म्हणत, त्या हात वर करत. घरात येऊन बसणारं मात्र कुणी मी तीन वर्षांत पाहिलं नाही. दिवाळीत पाळणाघर चार दिवस बंद असे. मी गावाहून परत आले की बाईंचा आवाज बसलेला असे. बोलून नव्हे, न बोलून.

आता झाडण्याचं सांगते. कामाला लागले त्या आठवड्यात मी संध्याकाळी मुलं गेल्यावर खराटा घेतला. बाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

“अंगण सकाळी झाडायचं.”

मला वाटलं, दिवेलागणीला केर काढू नये, लक्ष्मी जाते, त्यातलं काही असेल. तसं म्हटलं तर बाई भडकल्या. “कसली लक्ष्मी? मी मानते व्हय असलं काय?” कारण मात्र सांगितलं नाही. मी मनात म्हटलं, म्हातारीचा हेका, आपल्याला काय. सकाळी लवकर येऊन झाडायला लागले.

मग एकदा माझा डबा राहिला. मी हडकोत एका खोलीत राहायचे. अर्ध्या वाटेवरून परत फिरले. फाटक उघडं होतं. बाई ओट्याच्या पायरीवर बसल्या होत्या, दिवा न लावता. सूर्य गेला होता पण उजेड होता. मला वाटलं, बरं नाही. जवळ गेले तर त्यांनी माझ्याकडे न बघता अंगणात बोट केलं.

“हा आदू. ह्येची टाचच टेकत नाय बघ, सारखा चवड्यावर. ही सना, एका पायात चप्पल. हितं दोगं भांडले. हितून ती रुसून निंबाकडं गेली, आन् त्यो मागनं गेला समजूत घालाया.”

मी वाकून पाहिलं. अंगणभर पावलं होती. लहान, एकात एक, धावलेली, घसरलेली, गोल फिरलेली. माझे वडील मेंढरांच्या खुरांवरून सांगायचे की कळपातली कुठली लंगडतेय, त्यामुळे मला यात नवल वाटायला नको होतं. पण वडील ते मेंढरू शोधायला निघायचे. बाईंना कुठे जायचं नव्हतं.

“रातभर एवढीच सोबत असती,” त्या म्हणाल्या. “सकाळी पुसलं तरी चालतं. सकाळी पोरं येतात.”

मी डबा घेऊन निघाले. माझ्या खोलीत गुळगुळीत फरशी होती. त्या रात्री पहिल्यांदा ती माझ्या नजरेला खुपली. गाव सोडून वर्ष होत आलं होतं, आणि आपण एकटे आहोत हे मी स्वतःशी तोवर कबूल केलं नव्हतं.

त्याच पायरीवर पुढे एका संध्याकाळी बाईंनी मला तुरुंगातली एकच गोष्ट सांगितली. आईला शिक्षा झाली की सहा वर्षांखालचं मूल आईबरोबर आत राहू शकतं. अशी एक मुलगी होती, आतच चालायला शिकलेली. चार वर्षांची झाली तेव्हा आजी तिला न्यायला आली. बाईंनी तिला हात धरून बाहेर आणलं. समोर मोकळं मैदान. “म्हणलं, जा, पळ. पोरगी पळाली. ईस पावलं पळाली आन् वळली. परत ईस पावलं, परत वळली. आत आमचं अंगण ईसच पावलांचं व्हतं. पुढं भित नव्हती गं, काईच नव्हतं, तरी वळायची.” मग म्हणाल्या, “आजी हसत व्हती. मी नाय हसले.” एवढं सांगून बाई उठल्या आणि पिंपावर झाकण टाकायला गेल्या. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

आदू पडला तो दिवस साधाच होता. मार्चचं ऊन, पाच वाजून गेलेले. बाई आत भाताची पेज काढत होत्या. मी ओट्यावर होते. आदू निंबाच्या खालच्या फांदीवर नेहमी बसायचा. त्या दिवशी तो तिथून वरच्या फांदीला लागला. फार उंच नव्हती ती, माझ्या डोक्याच्या थोडी वर. चवड्यांवर उभा होता, नेहमीसारखा, आणि पुढचा पाय कुठे ठेवायचा ते बघत होता. छान बघत होता. मी जवळ जाऊन गप्प उभं राहायला हवं होतं. चार पावलांचं अंतर.

मी ओरडले, “आदू, पडशील!”

त्याने माझ्याकडे बघितलं.

हात मोडला. डाव्या मनगटाच्या वर, रुग्णालयात प्लास्टर घालून महिन्याभरात बरा होणारा. डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतच असतं. पण त्याचे आईवडील धावत आले तेव्हा आदू पांढरा पडला होता आणि माझ्या हातात ओला टॉवेल होता. वडिलांनी आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, “त्या वेळी जवळ कोण होतं?”

माझं तोंड उघडलं होतं. मी बोलणार होते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

“मी व्हते,” बाई म्हणाल्या. त्यांच्या हाताला अजून पेज लागलेली होती.

“तुम्ही होतात आणि तरी वर चढू दिलंत?”

“व्हय. मीच चढू दिलं.”

मी टॉवेल पिळत राहिले.

वडिलांनी पालकांच्या ग्रुपवर एक संदेश टाकला. खोटं काहीच लिहिलं नव्हतं. बाईंचं वय झालंय, झाडावर चढताना बघूनही त्या अडवत नाहीत, ज्याने त्याने विचार करावा. लोकांनी विचार केला. महिन्याभरात गिनती अकरावर आली, मग आठवर. दार चढलेली माणसं आता दाराकडे बोट दाखवून विचारत, “हे असं उघड्यावर का ठेवलंय?” बाई तेच उत्तर देत, “चढायला.” समजावून सांगणं त्यांना जमत नसे. एक आई म्हणाली, कॅमेरा लावा, मग ठेवते. बाई म्हणाल्या, “नजर ठेवायची नोकरी केली मी. आता नाय करणार.” तेही मूल गेलं.

मी रोज ठरवायचे, आज आदूच्या वडिलांना फोन करायचा. सांगायचं, जवळ मी होते आणि मी ओरडले म्हणून तो पडला. फोन हातात घ्यायचे आणि मग वाटायचं, मला पुढे कोण नोकरी देईल? ज्या बाईकडून मूल पडलं, तिला कोण ठेवेल? असं करत जून आला. क्रांती चौकाच्या पलीकडच्या या शाळेत जागा निघाली आणि मी अर्ज केला. बाईंना सांगितलं तेव्हा सहा मुलं उरली होती.

“जा की,” बाई म्हणाल्या. “सहांना मी पुरंल.”

फाटकापर्यंत सोडायला आल्या. मला वाटलं, आता आदूचं विचारतील. त्यांनी माझ्या ड्रेसकडे पाहिलं, तो नवा होता, नोकरीसाठी घेतलेला. मी बाहेरून कडी लावताना आतून आवाज आला, “आठ व्हतो, सात ऱ्हायलो.” मोठ्यांना त्या गिनतीत धरत होत्या हे मला तेव्हा कळलं, बाहेर पडल्यावर.

त्यानंतर चौदा महिने मी गेले नाही. शहर काही एवढं मोठं नाही. रिक्षा करून वीस मिनिटांचं अंतर. सणाला फोन करावा म्हणायचे, तोही केला नाही. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. या शाळेत माझं बरं चाललं होतं. मुलं गुणी होती, कपडे कोरे होते. संध्याकाळी खोलीवर येऊन मी टीव्ही लावायचे, बघण्यासाठी नव्हे, आवाजासाठी.

मागच्या पावसाळ्यात, पावसाने पंधरवडाभर दडी मारली होती तेव्हा, एका शनिवारी एक लहान मुलगा घसरगुंडीच्या कठड्यावर पाय टाकून उभा राहिला. मी म्हटलं, “पडशील.” तो लगेच खाली उतरला आणि मांडी घालून बसला. तोंडावर बोटसुद्धा ठेवलं, मी न सांगता. आणि मी उभी राहिले, कुणीतरी आता मला दार चढायला पाठवेल म्हणून. कुणी पाठवलं नाही. मुख्य मॅडम खिडकीतून छान म्हणून हसल्या. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी आठलाच मी हर्सूलला पोचले. बाईंना सगळं सांगायचं आणि तिथूनच आदूच्या वडिलांना फोन लावायचा, असं ठरवून.

कडी वाजवली तशी बाई फाटकाशी आल्या त्या भिंतीच्या कडेकडेने, एक हात भिंतीला लावून. गुडघा गेला असणार. खूप वाळल्या होत्या.

“तू व्हय. ये,” म्हणाल्या. “अशी कडंनं ये.”

मी कडेकडेने त्यांच्या मागून गेले, त्यांना आधार लागला तर असावा म्हणून. अंगण झाडलेलं नव्हतं. निंबाची पानं पडून राहिली होती, काड्या, कागद. दार विटांवर तसंच होतं. बाईंना आता वाकवत नाही, हे उघड होतं. रविवार असल्याने मुलं नव्हती. बाई चहा ठेवायला आत गेल्या. सांगायचं कसं, कुठून सुरुवात करायची, या विचाराने माझे हात रिकामे राहीनात, आणि खराटा जुन्याच जागी भिंतीला टेकलेला होता.

सकाळच होती. सकाळी झाडायचं, हा नियमच होता.

मी मन लावून झाडलं. निंबाच्या बुंध्यापासून सुरुवात केली, दाराखालून काढलं, पिंपाच्या मागचं काढलं. पानांखाली पावलं होती, फिकट झालेली, कडा ढासळलेल्या. रोजच असायची. रेघांवर रेघा ओढत मी फाटकापर्यंत आले. मागे वळून बघितलं तर अंगण कसं लख्ख झालं होतं. बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी काहीतरी बाईंच्या उपयोगाचं केलं होतं.

बाई दोन कप घेऊन ओट्यावर आल्या आणि थांबल्या. त्यांनी अंगण डावीकडून उजवीकडे बघितलं, मग उजवीकडून डावीकडे.

“झाडलंस,” त्या म्हणाल्या.

“गुडघा दुखतोय ना तुमचा. म्हटलं, आपण झाडून टाकू.”

“गुडघा बरा हाय.” त्या पायरीवर बसल्या. कप शेजारी ठेवले, नीट, एकेक. “सना गेली मागल्याच्या मागल्या मंगळवारी. वाळूजला ऱ्हायला गेले त्ये. शेवटची तीच व्हती.”

मला एकदम कळलं नाही. मग भिंतीच्या कडेने चालणं कळलं, मग न काढलेली पानं. बारा दिवस त्या बाईने स्वतःच्या अंगणात पाय ठेवला नव्हता. फाटकापर्यंत कडेने जायचं, कडेने यायचं, आणि संध्याकाळी इथे बसायचं. मी खराटा हातात धरून उभी होते.

मला रडू फुटलं. आणि रडताना दुसरंही बाहेर आलं, न जुळवता. आदूला मी ओरडले. मी ओरडले म्हणून त्याने बघितलं. जवळ मी होते, तुम्ही नव्हता. तुमचं अंगण मी दोनदा रिकामं केलं, बाई.

बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मधे एकदा चष्मा काढून पुसला.

“मला ठावं हाय,” म्हणाल्या. “दार न्हवतं खोलीला. समदं ऐकू आलं.”

“मग तुम्ही का म्हणालात, मी होते म्हणून?”

“तू ल्हान व्हतीस. पडली असतीस.” कुणी पडेल ही भीती त्यांच्या तोंडून मी तेवढी एकदाच ऐकली. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांनी अंगणातल्या दाराकडे बघितलं.

मी तिथेच, त्यांच्यासमोर आदूच्या वडिलांना फोन लावला. ते कुठल्याशा लग्नात होते, मागे बँड वाजत होता. मी सगळं सांगितलं. ते बँडपासून दूर गेले, आवाज कमी झाला. मग म्हणाले, “बरं. कळलं. आदू आता दुसरीत गेलाय.” आणि बाईंना नमस्कार सांगा म्हणाले. मी नमस्कार सांगितला. काही बदललं नव्हतं. एवढ्या उशिरा सांगून काय बदलणार?

चहा गार झाला होता. तो आम्ही तसाच प्यायलो. अंगणात नुसत्या खराट्याच्या रेघा होत्या. बाई त्या रेघांकडे अशा बघत होत्या की मला तिथे बसवेना.

मी चपला काढल्या. पायरी उतरून त्या रेघांवर पाय ठेवला. माती सकाळची गार होती. पहिली चार पावलं चालले, मग काय झालं कुणास ठाऊक, पळाले. निंबाला वळसा घातला, दारावर चढले, उतरले, पुन्हा पळाले. तीस वर्षांची घोडी, ओढणी कमरेला बांधून. रस्त्यावरून दूधवाला बघत गेला.

ओट्यावरून आवाज आला, पूर्वीसारखा, छातीतून.

“एक.”

मी थांबून बघितलं. बाई उभ्या होत्या, हात पाठीशी. मग त्यांनी चपला काढल्या, पायरीखाली जोडून ठेवल्या, आणि भिंतीला हात न लावता सरळ अंगणाच्या मधोमध चालत आल्या.

“दोन,” म्हणाल्या.

दिवसभर मी तिथेच होते. भात केला, ट्रंक उन्हात टाकली. पाण्याचा पिंप भरलेला होता, तांदळाचं पाणी त्या अजून त्यातच टाकत होत्या. सहाच्या सुमाराला बाईंनीच मला निघ म्हणून सांगितलं. रिक्षा मिळणार नाही मागाहून, म्हणाल्या. माझ्या सलवारीला गुडघ्यापर्यंत माती लागली होती. ती त्यांनी वाकून बघितली आणि मान हलवली.

मी फाटकाकडे निघाले, ती कडेकडेने.

“पुढच्या रविवारी येते,” मी म्हटलं. “झाडू नका तोवर.”

“नाय झाडत,” बाई म्हणाल्या. “जा आता. मी बसते जरा.”

मी बाहेरून कडी लावली आणि थोडा वेळ तिथेच थांबले. त्या ‘शून्य’ म्हणतील म्हणून कान देऊन. आतून काही आवाज आला नाही.